हॅपी बर्थडे, जोशी!

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गांधी चौकाच्या आसपास, संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ थांबलं की हा संवाद कानावर पडतो. गिऱ्हाईक धुळीनं माखलेला सीपीयू काउंटरवर ठेवतं. ‘भाऊ, लई हँग मारायलंय.’ दुकानदार वायरी जोडतो, पडद्याकडे दोन मिनिटं बघतो आणि निकाल देऊन टाकतो. ‘व्हायरस घुसलाय. सी उडवावी लागंल.’ ‘आन् माझा डेटा?’ ‘डीला हात लावत नाही, टेन्शन नका घेऊ.’

संध्याकाळी मशीन घरी जातं. चार दिवस पाण्यासारखं चालतं. पाचव्या दिवशी पुन्हा काउंटरवर.

याला ‘फॉरमॅट मारणं’ म्हणतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांत मराठवाड्यातला संगणक या एकाच औषधावर जगत आला आहे. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोज टाकायला दीड-दोन तास लागतात आणि निकाल खात्रीचा असतो. आजार शोधत बसलं तर अख्खा दिवस जातो, आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. पण फॉरमॅटमध्ये एक गोष्ट कायमची पुसली जाते. मशीनला झालं काय होतं, हे ना गिऱ्हाइकाला कळतं, ना दुकानदाराला.

पाचव्या दिवशी मशीन परत का येतं, याचं उत्तर बऱ्याचदा त्या ‘हात न लावलेल्या’ डी ड्राइव्हमध्येच असायचं. सॅलिटी नावाचा विषाणू २००३पासून जगभर फिरतो आहे. तो वेगळी फाइल करून राहत नाही. मशीनवर आधीपासून असलेल्या प्रोग्रॅमच्या फायलींत स्वतःला शिवून घेतो, सी असो, डी असो की पेन ड्राइव्ह. टास्क मॅनेजर बंद करतो. सेफ मोडच्या नोंदी उडवतो, म्हणजे तिथून सुटायची वाटही बुजते. आता दुकानदारानं सी कोरी केली, नवी विंडोज टाकली आणि साउंड-ग्राफिक्सचे ड्रायव्हर डीवर जपून ठेवलेल्या सेटअपमधून चढवले, तर त्यानं स्वतःच्या हातानं सॅलिटीला पुन्हा घरात घेतलं.

दुसरं उदाहरण झेरॉक्सच्या दुकानातलं आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात नीट-सीईटीच्या अर्जांच्या दिवसांत एकेका मशीनला दिवसभरात शेकडो पेन ड्राइव्ह लागतात. पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालू करण्याची विंडोजची सोय पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या विषाणूंची पहिली शिडी होती. २००७च्या सुमारास अशाच वाटेनं आलेला एक किडा ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडली की ‘ऑर्कुटवर बंदी आहे’ असं खिडकीतून दरडावायचा आणि फायरफॉक्स वापरू द्यायचा नाही. सायबर कॅफेत बसणाऱ्या त्या पिढीला तो अजून आठवत असेल. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७मध्ये ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद केली आणि २०११मध्ये जुन्या आवृत्त्यांतही बंद केली. मग ‘शॉर्टकट व्हायरस’ आला. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढे मांडतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी विषाणू चालतो, मग मुकाट्यानं खरा फोल्डर उघडतो. माणसाला वाटतं, फायली गेल्या. पेन ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि मग त्या खरंच जातात. तोवर त्या तिथंच असतात, ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ असे दोन शिक्के डोक्यावर घेऊन. अ‍ॅट्रिब नावाच्या आज्ञेची एक ओळ ते शिक्के पुसते.

ही एक ओळ कळते कशी? बहुतेकांना ती कोणीतरी सांगितलेली असते. काहींना मात्र ती स्वतःचं मशीन मुद्दाम बिघडवून कळलेली असते. जाणूनबुजून व्हायरस घुसवायचा, तो काय करतो ते बघत बसायचं आणि मग फॉरमॅट न मारता बाहेर काढायचा, हा उद्योग घरच्यांना वेडेपणा वाटतो. अँटिव्हायरसचा सगळा धंदा मात्र त्याच वेडेपणावर उभा आहे.

या धंद्याच्या इतिहासात एक नाव आपल्या ओळखीचं निघतं. जून १९९०मध्ये भारतात एक विषाणू पकडला गेला. त्याचं नाव जोशी. दर वर्षी ५ जानेवारीला तो मशीन अडवून धरायचा आणि पडद्यावर फर्मान काढायचा, ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा. मुकाट्यानं शुभेच्छा दिल्या की मशीन पुढे चालू. इतका मानी विषाणू दुसरा नसेल. त्याचा कर्ता कोण, हे उजेडात आलं नाही. तो मराठी होता असं समजून छाती फुगवायचंही कारण नाही, जोशी गुजरातेत आहेत आणि कुमाऊँतही. पण हा जोशी फ्लॉप्यांवर बसून पार ब्रिटन-अमेरिकेतल्या विषाणूंच्या याद्यांपर्यंत पोहोचला.

गंमत वाढदिवसाची असली तरी कारागिरी पक्की होती. जोशी हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा, जिथे विभागणीचा तक्ता असतो. फ्लॉपीवर तो ठरलेल्या ट्रॅकांपलीकडे एक जादा ट्रॅक आखून तिथे बिऱ्हाड थाटायचा. मेमरीत हजर असताना कोणी तो पहिला सेक्टर तपासायला गेलं, तर मूळचा स्वच्छ सेक्टर काढून दाखवायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी मेमरीतून हलायचा नाही. वीजच तोडावी लागायची. आणि आजच्या दुकानदारानं ऐकावा असा मुद्दा पुढेच आहे. डॉसची फॉरमॅट ही आज्ञा त्या पहिल्या सेक्टरला स्पर्शच करत नव्हती. १९९०मध्ये जोशी झालेल्या डिस्कला फॉरमॅट मारला की माणसाचा सगळा डेटा जायचा आणि जोशी तेवढा उरायचा.

त्यावर उतारा होता. डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून एफडिस्कला एक छुपं शेपूट जोडता यायचं, त्यानं पहिला सेक्टर नव्यानं लिहिला जायचा. हा उतारा तोंडोतोंडी पसरला आणि मंकी नावाच्या विषाणूनं त्यावरही मात केली. मंकी मूळचा सेक्टर सांकेतिक करून दुसरीकडे ठेवायचा आणि पहिल्या जागी तक्ता उरूच द्यायचा नाही. तिथे तो छुपा उतारा वापरला की विषाणू जायचा, पण डिस्कही दिसेनाशी व्हायची. १९९४चा वन हाफ त्याहून पोचलेला. तो दर वेळी मशीन सुरू झालं की डिस्कचा थोडा भाग शेवटाकडून सांकेतिक करत यायचा, आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवायचा. जोवर तो मेमरीत आहे तोवर सगळं वाचता यायचं. शहाण्या माणसानं घाईनं विषाणू काढला की किल्ली गेली.

पुण्यात त्याच काळात दोन भाऊ हेच शिकत होते. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर शाळा अर्धवट सोडून कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात संगणक येऊ लागले तसे त्यांच्यासोबत विषाणूही आले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते आणि कॉलेजच्या मशीनही याच रोगानं बंद पडत होत्या. संजय त्या विषाणूंची चिरफाड करून काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. आधी एका विषाणूला एक औषध, मग सगळी औषधं एका डबीत. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील बाजारात आलं, २००७मध्ये कंपनीनंच ते नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे शेअर बाजारात आले. या कथेत ‘जिद्द’ शोधणारे लेख भरपूर झाले आहेत. इथे लक्षात घ्यायची ती दुकानाची जागा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला रोगट यंत्रांचा असा अखंड पुरवठा दुसरीकडे कुठून मिळाला असता? वजिराबादच्या दुकानांतही तोच पुरवठा रोज येतो. तिथे तो फॉरमॅट होतो.

आज हा प्रयोग करायला वेगळं यंत्रही लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखा फुकट प्रोग्रॅम घेऊन एका संगणकाच्या पोटात दुसरा, लटका संगणक उभा करता येतो. त्याची निरोगी अवस्था गोठवून ठेवायची, याला स्नॅपशॉट म्हणतात. मग आत काहीही होऊ द्यावं. एक कळ दाबली की तो जन्मला तसा परत.

नवशिक्यानं सुरुवात खऱ्या विषाणूपासून करायचीही गरज नाही. आयकार या युरोपातल्या संस्थेच्या नावानं ओळखली जाणारी एक चाचणी-फाइल आहे. फक्त ६८ अक्षरांची. ती कुणालाच इजा करत नाही, पण तिला पाहताच ओरडायचं असं अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवलं आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ चिकटवून फाइल साठवायला जावं, तर बहुतेक वेळा साठवण्याच्या क्षणीच फाइल गायब होते. अग्निशमन दलाच्या सरावासारखा हा प्रकार. खरे नमुने संशोधक एकमेकांना पाठवतात ते कुलूपबंद झिप फायलींत, आणि कुलपाचा पासवर्ड जगभर एकच ठरलेला आहे, ‘इन्फेक्टेड’. हेतू गुपित राखण्याचा नाही. वाटेत कोणाच्या हातून चुकून उघडू नये एवढाच.

खरं कौशल्य मात्र विषाणू आत सोडण्याच्या आधीच लागतं. निरोगी मशीन कसं दिसतं, हेच बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. रोज आपोआप काय काय सुरू होतं? कोणत्या सेवा चालतात, कोणती कामं वेळापत्रकात लावलेली आहेत? ऑटोरन्स नावाचं साधन ही सगळी ठिकाणं एका तक्त्यात मांडतं. रेगशॉट रजिस्ट्रीचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून फरक दाखवतं. ऑटोरन्स आणि चालू प्रक्रिया दाखवणारं प्रोसेस एक्सप्लोरर ही मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांची कामं, २००६मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीसकट विकत घेतली. आजही फुकट मिळतात. विषाणू सोडल्यावर पुन्हा तक्ता काढायचा. जी ओळ काल नव्हती आणि आज आहे, तिच्यापासून शोध सुरू.

काढताना पहिली फजिती ठरलेली. दोन संशयास्पद प्रक्रिया चालू दिसतात. एक बंद केली की दुसरी तिला लगेच उठवते. दुसरी बंद करावी तर पहिली तिला. रुसिनोविच त्यांच्या व्याख्यानांत यावर जी युक्ती सांगतात ती ऐकायला मजेची आहे: मारायचं नाही, आधी झोपवायचं. दोघांनाही ‘सस्पेंड’ करायचं. झोपलेला पहारेकरी जिवंत आहे, म्हणून दुसरा निर्धास्त; तोही झोपला की मग दोघांना आरामात मारायचं. पुस्तकात वाचलेली ही युक्ती परीक्षेपुरती टिकते. ज्यानं अर्धी रात्र त्या दोन प्रक्रियांशी झुंज घेतली आहे, त्याला ती जन्मभर पुरते.

विषाणू लिहिणारेही हे जाणून आहेत. आपल्याला काचेच्या पेटीत ठेवून बघताहेत, हे ओळखायला ते शिकले. २००४मध्ये पोलंडच्या योआना रुतकोव्स्का यांनी ‘रेड पिल’ नावाचा इवलासा प्रोग्रॅम दाखवला; आपण लटक्या यंत्रात आहोत की खऱ्या, हे तो जेमतेम एका सूचनेवरून ओळखायचा. पुढे तर तपासण्यांची रांगच लागली. माउस हलतो का? प्रोसेसरला गाभे किती? रॅम दोन जीबीपेक्षा कमी आहे का? तसं असेल तर ही प्रयोगशाळाच, असं समजून विषाणू साळसूद बसून राहतो. (या हिशेबानं मराठवाड्यातल्या कित्येक सरकारी कचेऱ्यांतले खरेखुरे पीसीही त्याला प्रयोगशाळा वाटायला हवेत. गरिबीचा एवढा एक फायदा.) काही वर्डच्या फायलींतले विषाणू तर अलीकडे किती कागद उघडले गेले, हेही मोजायचे. कोऱ्या यंत्रावर ते विश्वास ठेवत नाहीत. म्हणून लटक्या संगणकात आधी संसार मांडून द्यावा लागतो: एखादा बायोडाटा, सातबाऱ्याची पीडीएफ, लग्नपत्रिकेचा मसुदा, चार फोटो. मुलगी बघायला येणार म्हणून घर आवरतात त्याच्या नेमकं उलट, इथे घर थोडं पसरून ठेवायचं.

या पेटीच्या भानगडीतून एकदा जग वाचलं. १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू सुटला आणि दीडशेहून अधिक देशांत पोहोचला. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या घरी बसून बावीस वर्षांच्या सुरक्षा-संशोधक मार्कस हचिन्सनं तो आपल्या प्रयोगशाळेत चालवला, तर तो एका निरर्थक लांबलचक पत्त्याशी बोलायचा प्रयत्न करताना दिसला. तो पत्ता कोणाच्याच मालकीचा नव्हता. हचिन्सनं १० डॉलर ६९ सेंट भरून तो आपल्या नावावर केला. काही तासांनी कळलं, की तो पत्ता उत्तर देत असेल तर वॉनाक्राय स्वतःच थांबतो. त्यामागचं एक पटणारं स्पष्टीकरण असं, की अनेक प्रयोगशाळांत विषाणूला खोटं इंटरनेट दाखवलं जातं आणि तिथे कोणताही पत्ता विचारला तरी उत्तर मिळतं. म्हणजे या निरर्थक पत्त्यानंही उत्तर दिलं तर आपण पेटीत आहोत, असं विषाणूनं धरलं असावं. हचिन्सनं तर अख्ख्या जगालाच पेटी करून टाकलं.

मधे अर्धा-एक तास मात्र वाईट गेला. पत्ता नोंदवल्यामुळेच विषाणू चेतला, अशी आवई उठली. खात्री करायला हचिन्सनं आपल्या लटक्या यंत्रात तो पत्ता मुद्दाम तोडला आणि विषाणू पुन्हा सोडला. यंत्रातल्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं, खंडणीचा लाल पडदा आला, आणि हा गडी आनंदानं खोलीभर उड्या मारत सुटला. तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. याच हचिन्सला पुढे ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेत अटक झाली, पोरवयात लोकांची बँक खाती लुबाडणारा प्रोग्रॅम लिहिल्याबद्दल. २०१९मध्ये न्यायाधीशांनी त्याला आणखी तुरुंगवास न देता सोडलं.

प्रयोग हाताबाहेर जातात, हेही खरं. २ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला किडा प्रयोग म्हणूनच सुटला होता; एका चुकीच्या हिशेबामुळे तो त्याच त्या मशीनवर पुन्हा पुन्हा चढत गेला आणि तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग ठप्प झाला. लटक्या यंत्राची भिंतही अभेद्य नाही. २०१५मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांना अशा भिंतीत एक भोक सापडलं, तेही फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोपऱ्यात. फ्लॉपी जगातून गेली होती, तिचं भूत आत राहिलं होतं. म्हणून जाणकार आतल्या-बाहेरच्या यंत्रांतला सामायिक फोल्डर बंद ठेवतात, कॉपी-पेस्टचा पूलही तोडतात आणि आतलं यंत्र घरच्या वायफायला लावत नाहीत.

कायद्याची रेघ स्वच्छ आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात विषाणू घालणाऱ्यावर नुकसानभरपाई लावतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळा भर ‘मालकाच्या परवानगीशिवाय’ या शब्दांवर. स्वतःचं जुनं यंत्र स्वतः आजारी पाडायला कोणी अडवत नाही. गिऱ्हाइकाचं, कॉलेजच्या लॅबमधलं किंवा ऑफिसातलं यंत्र, ‘शिकण्यासाठी’ म्हटलं तरी, चालणार नाही.

हे सगळं पुण्या-मुंबईचे चोचले आहेत, असं म्हणायची सोय आता राहिली नाही. जानेवारी २०२१मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये ऑनलाइन वाटेनं पळवले गेले. त्याआधी ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. तिथे विषाणूचाच आधार घेऊन एटीएमच्या विचारणांना बँकेऐवजी भामट्यांनीच ‘पैसे द्या’ असं उत्तर द्यायची व्यवस्था केली होती, आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत राहिल्या. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत पसरलेलं, १९९४मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, विष्णुपुरीला १९८१पासूनची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. संगणकाची पदवी घेऊन या भागातून दर वर्षी मुलं पुण्याच्या गाड्या पकडतात. त्यांच्यातल्या थोड्यांनी जरी गावातल्या दुकानात एक जुना पीसी ‘आजारी पाडायचा’ म्हणून बाजूला ठेवला, तरी काउंटरवरचा संवाद बदलेल.

तो कुठे बदलायला हवा, हे स्टॉप-डेजेव्हू या खंडणीच्या विषाणूवरून दिसतं. क्रॅक केलेल्या फुकट सॉफ्टवेअरमधून येणारा हा पाहुणा सगळ्या फोटो-कागदांना कुलूप लावायचा आणि ९८० डॉलर मागायचा, तीन दिवसांत दिले तर निम्मे. प्रयोगशाळेत तो चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की कुलूप लावताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो पोटातली एकच ठरावीक किल्ली वापरतो. खंडणीच्या चिठ्ठीत दिलेल्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ असेल तर ती हीच किल्ली. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसिसॉफ्ट ही अँटिव्हायरस कंपनी आणि संशोधक मायकल गिलेस्पी यांनी त्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट उतारा काढला. म्हणजे ज्यांनी कुलूपबंद फायली आणि ती चिठ्ठी जपून ठेवली, त्यांच्यातल्या अनेकांना लेकराबाळांचे फोटो परत मिळण्याची वाट होती. ज्यांनी दुसऱ्याच दिवशी फॉरमॅट मारून घेतला, त्यांच्याकडे उघडायला काही उरलंच नव्हतं.

सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्यासाठी एक निरुपद्रवी जागा आहे. फेब्रुवारी २०१६पासून इंटरनेट आर्काइव्हवर विषाणू-संशोधक मिक्को हिप्पोनेन यांनी जमवलेल्या जुन्या डॉस विषाणूंचं संग्रहालय आहे. त्यांचे विषारी दात काढलेले आहेत आणि ते ब्राउझरमध्येच चालतात. कोणी पडद्यावरची अक्षरं खाली पाडतो, कोणी रंगांचे खेळ दाखवतो. त्याहून खोलात जायचं असेल तर ८६बॉक्ससारखी साधनं १९९०चा अख्खा पीसी, फ्लॉपी ड्राइव्हसकट, आजच्या लॅपटॉपच्या पोटात उभा करतात. त्या पीसीला नेटवर्क लावायचं नाही आणि त्याच्या डिस्कची प्रत आधीच काढून ठेवायची. फ्लॉपी आत सरकवायची, डिस्कला जोशी होऊ द्यायचा, फॉरमॅट मारून बघायचा आणि तो गेला नाही हे डोळ्यांनी पाहायचं. मग घड्याळ ५ जानेवारीवर न्यायचं आणि मशीन सुरू करायचं. ते अडून बसतं, शुभेच्छांची वाट बघत.